'स'ला जोडीदार कोण? इंग्रजीतली सारखी वाटणारी व्यंजनं कशी ओळखायची

आधी एक प्रयोग करून बघा. दोन बोटं गळ्याच्या पुढच्या उंचवट्यावर हलकेच ठेवा आणि लांबलचक 'स्स्स्स' म्हणा. बोटांखाली काहीच हलत नाही, नुसती हवा बाहेर जाते. आता जीभ, दात, ओठ जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि त्याच श्वासात, गुणगुणायला लागल्यासारखा गळा सुरू करा. बोटांखाली थरथर जाणवेल आणि मधमाशी कानाजवळून गेल्यासारखा आवाज येईल.

हा इंग्रजीतला झेड. आपण तो 'झ' असा लिहितो, पण हा 'झ' नाही, 'ज'ही नाही. हा 'स'चा घोष जोडीदार आहे आणि आपल्या वर्णमालेत त्याला अक्षर नाही.

शाळेत पाठ केलेली वर्णमाला आठवा. 'क'पासून 'म'पर्यंतची पंचवीस अक्षरं मनाला येईल तशी लावलेली नाहीत. घशाकडून सुरुवात करून एकेक वर्ग पुढे पुढे येतो आणि प-वर्ग ओठांवर संपतो. प्रत्येक वर्गात जोड्या आहेत: क-ग, च-ज, ट-ड, त-द, प-ब. 'प' आणि 'ब' म्हणताना ओठ अगदी तसेच मिटतात, फरक फक्त गळ्याचा. 'प'ला गळा बंद, म्हणून तो अघोष. 'ब'ला गळा सुरू, म्हणून तो घोष. ही सगळी स्पर्शव्यंजनं, म्हणजे हवा क्षणभर पूर्ण अडवायची आणि मग सोडायची.

त्यानंतर य-र-ल-व झाले की येतात ऊष्म वर्ण: श, ष, स, ह. इथे हवा अडत नाही, अरुंद फटीतून घासत बाहेर पडते, म्हणून हे ध्वनी श्वास संपेपर्यंत लांबवता येतात. आता नीट बघा: श, ष, स हे तिन्ही अघोष. 'त'ला 'द' मिळाला, 'प'ला 'ब' मिळाला, 'स'ला मात्र कोणी मिळालं नाही. संस्कृतचं आणि मराठीचं त्यावाचून काही अडलं नाही.

इंग्रजीचं मात्र अडतं. इंग्रजीत असे घासून निघणारे ध्वनी नऊ आहेत. 'ह' बाजूला ठेवला तर उरलेले आठ नीट चार जोड्यांत बसतात, प्रत्येक जोडीत एक अघोष आणि एक घोष. एफला व्हीची जोडी, 'थिंक'मधल्या टीएचला 'धिस' किंवा 'दिस' असा आपण लिहितो त्या शब्दातल्या टीएचची, एसला झेडची आणि 'शिप'मधल्या 'श'ला 'मेझर'मधल्या त्या मधल्या ध्वनीची. डावीकडची बाजू आपल्याला बरीचशी जमते. उजवीकडचे चारही ध्वनी आपल्याकडे मुळात नाहीत, म्हणून प्रत्येकाच्या जागी आपण हाताशी असलेलं जवळचं अक्षर वापरतो: व, द, ज, झ.

मला स्वतःला हे उमगलं तेव्हा फार हायसं वाटलं. तोवर व्ही वेगळा शिकायचा, झेड वेगळा, टीएच वेगळा, अशी भली मोठी यादी डोक्यात होती. प्रत्यक्षात सवय एकच लावून घ्यायची आहे: हवा घासत सोडताना गळा सुरू ठेवायची.

झेड, आणि आपले दोन 'ज'

मराठीत 'ज' अक्षर एक असलं तरी उच्चार दोन आहेत. 'जेवण', 'जीव' यांतला तालव्य 'ज' वेगळा आणि 'जागा', 'जास्त', 'आज' यांतला दंत्य 'ज' वेगळा. 'च'चंही तसंच: 'चार' ही संख्या आणि गुरांचा 'चारा' एकापाठोपाठ म्हणून बघा. हा भेद आपण लिहीत नाही, पण ऐकताना कधी चुकत नाही. मराठी कानाची ही मोठी पुंजी आहे.

याच पुंजीमुळे झेडच्या बाबतीत मात्र आपण फसतो. दंत्य 'ज' झेडच्या इतका जवळ आहे की कान म्हणतो, झालं, हाच तो. फरक कळायला 'आज' सावकाश म्हणा आणि शेवटी जीभ काय करते इकडे लक्ष द्या. ती आधी वरच्या दातांमागे चिकटते, हवा अडते, मग सुटते. म्हणजे आत एक बारीकसा 'द' लपलेला आहे. झेडमध्ये तो 'द' नसतो. जीभ जवळ जाते, टेकत मात्र नाही.

इंग्रजीत हा लपलेला 'द' अर्थ बदलतो. मोटारीला 'कार' म्हणतात. तिचं अनेकवचन करताना शेवटी येतो तो निव्वळ झेडचा ध्वनी. 'कार्ड'चं अनेकवचन करताना आधी जीभ टेकते आणि मग झेड येतो. ब्रिटिश उच्चारात 'कार'मधला 'र' ऐकूच येत नाही, त्यामुळे दोन्ही अनेकवचनांत फरक उरतो तो एवढ्या एका टेकण्याचा. आपण आपला दंत्य 'ज' लावला की मोटारींची पत्त्याची पानं होतात. आकार या अर्थाचा 'साइझ' आणि बाजू या अर्थाचा 'साइड्स', उगवणं या अर्थाचा 'राइझ' आणि स्वारी करणं या अर्थाचा 'राइड्स' या जोड्यांची गंमत हीच.

तालव्य 'ज' तर आणखी लांबचा. 'जेलस' म्हणजे मत्सरी आणि 'झेलस' म्हणजे एखाद्या कामाची मनापासून तळमळ असलेला. दोन्ही शब्दांत पहिला ध्वनी सोडला तर सगळं सारखं. सहकाऱ्याचं कौतुक करायला जावं आणि त्याला मत्सरी म्हणून बसावं, इतकं अंतर एका व्यंजनात आहे.

खात्री करायची तर एकच कसोटी: ध्वनी लांबवता येतो का? 'ज' लांबवता येत नाही, तो फुटतो आणि संपतो. झेड श्वास असेपर्यंत चालतो.

'मेझर', 'प्लेझर', 'व्हिजन', 'टेलिव्हिजन' यांतला ध्वनी याच पद्धतीने मिळतो. 'श्श्श' करा, कोणाला गप्प बसवताना करतो तसं, आणि जीभ न हलवता गळा सुरू करा. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला हा ध्वनी फ्रेंचमधून आलेल्या मोजक्या शब्दांतच भेटतो. म्हणून त्यावर फार वेळ घालवू नका, पण मोजमापाचा 'मेझर' आणि लष्करातला 'मेजर' एक होणार नाहीत एवढं बघा.

व्ही आणि डब्ल्यू

ही जोडी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण इथे आपला एक 'व' दोन ध्वनींच्या बरोबर मधोमध बसलेला आहे. संस्कृत व्याकरणाने 'व'ची जागा दंतोष्ठ सांगितली आहे: वरचे दात आणि खालचा ओठ. मराठी 'व' म्हणताना ते दोन्ही जवळ येतात खरे, पण इतके सैलसर की हवा घासली जात नाही. इंग्रजी कानाला व्ही हवा असेल तर आपला 'व' पुरेसा घासलेला वाटत नाही आणि डब्ल्यू हवा असेल तर पुरेसा गोल वाटत नाही. म्हणून आपण एकच 'व' म्हणतो आणि समोरच्याला कधी हा ऐकू येतो, कधी तो.

मराठी लेखनाने यावर एक उपाय काढला: व्हीसाठी 'व्ह', डब्ल्यूसाठी 'व'. 'व्हॅन' आणि 'वॉच'. डोळ्यांना फरक दिसतो हे उत्तम. पण तोंडाला हा 'व्ह' चुकीची सूचना देतो. 'व्हावं', 'जिव्हा' म्हणताना आपण 'व'मध्ये 'ह'ची हवा मिसळतो. व्हीमध्ये 'ह' औषधालाही नाही. 'व्हेरी' म्हणताना छातीतून हवेचा झोत येत असेल तर तो मराठी 'व्ह' आहे.

खरा व्ही मिळवायचा तर एफपासून निघा. मात्र एफ म्हणजे 'फळ'मधला जुना, ओठ मिटून फुटणारा 'फ' नव्हे. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवा आणि हवा सोडा: 'फ्फ्फ'. आता गळा सुरू करा. खालच्या ओठाला गुदगुल्या होतील. गुदगुल्या झाल्या तर व्ही झाला, नाही झाल्या तर नाही. यापेक्षा पक्की खूण मला माहीत नाही.

डब्ल्यू तर व्यंजनापेक्षा स्वराच्या जवळचा. शीळ घालताना करतो तसे ओठ गोल करा, 'ऊ' म्हणायला लागा आणि पुढच्या स्वरावर चटकन उडी मारा. पश्चिम दिशेचा 'वेस्ट' म्हणजे झटपट म्हटलेलं 'उएस्ट'. ओला या अर्थाचा 'वेट' म्हणजे 'उएट'. दातांचा इथे काही संबंध नाही. मग बनियनला म्हणतात तो 'व्हेस्ट' आणि पशुवैद्याला म्हणतात तो 'व्हेट' आपोआप वेगळे पडतात.

आरशासमोर उभे राहून 'व्हेरी वेल' म्हणा. पहिल्या शब्दाला दात ओठावर दिसले पाहिजेत, दुसऱ्याला ओठांचा गोल. नव्याने व्ही शिकलेली माणसं तो सगळीकडे लावू लागतात आणि 'व्हेरी व्हेल' म्हणतात. तो टप्पा येतो आणि जातो, घाबरू नका.

टीएच: इथे थोडं सबुरीने

'थिंक', 'थिन', 'थाउझंड' यांतला टीएच म्हणजे आपला 'थ' नव्हे. आपला 'थ' स्पर्श आहे, जीभ दातांना लागून हवा अडते. इंग्रजी टीएचमध्ये जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेशी हलकं ठेवून मधल्या फटीतून हवा सतत सोडायची. गळा सुरू केला की 'दॅट', 'देन', 'दे' यांतला घोष टीएच मिळतो.

दोन्हींचं स्पेलिंग सारखंच, मग कुठे कोणता? यालाही एक चांगलं सूत्र आहे. शब्दाच्या सुरुवातीला टीएच असेल आणि शब्द वाक्य जोडणारा, दाखवणारा, सर्वनामासारखा असेल तर तो घोष: 'द', 'दिस', 'दॅट', 'दे', 'देअर', 'दो'. शब्दाला स्वतःचा भरीव अर्थ असेल तर अघोष: विचार करणे, आभार मानणे, अंगठा, हजार. 'थ्रू' हा ठळक अपवाद. मांडीला 'थाय' म्हणतात आणि 'तुझा' या अर्थाचा जुना शब्द 'दाय'. दोन्हींत फरक केवळ गळ्याचा.

तरीही या ध्वनीपायी कोणी रात्रंदिवस कष्ट घ्यावेत असं मला वाटत नाही. टीएच ही जगभरच्या शिकणाऱ्यांची अडचण आहेच, खुद्द लंडनच्या बोलीतही टीएचच्या जागी सर्रास एफ ऐकू येतो. शिवाय मराठीत 'थ' आणि 'ट', 'द' आणि 'ड' वेगळे असल्यामुळे आपण पातळ या अर्थाचा 'थिन' आणि डबा या अर्थाचा 'टिन' स्वतः कधी मिसळत नाही. वेळ थोडा असेल तर तो आधी व्ही-डब्ल्यूला आणि झेडला द्या.

शब्दाच्या शेवटी फरक स्वरात ऐका

'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला हे नाम, आणि सल्ला देणे या क्रियापदात तोच शब्द झेडच्या ध्वनीने संपतो. इंग्रजीत असा मोठा गोतावळा आहे: नाम अघोष, क्रियापद घोष. 'यूस' हे नाम, 'यूझ' हे क्रियापद, आणि स्पेलिंग एकच. घर या अर्थी 'हाउस'च्या शेवटी एस, आसरा देणे या अर्थी झेड. 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह', 'प्रूफ' आणि 'प्रूव्ह', 'हाफ' आणि 'हाव्ह' ही त्याच घराण्यातली मंडळी.

आता मौजेची गोष्ट. शब्दाच्या शेवटी इंग्रजी भाषक स्वतःही गळा पूर्ण ताकदीने सुरू ठेवत नाहीत. मग ऐकणाऱ्याला कळतं कसं? त्याच्या आधीच्या स्वरावरून. घोष व्यंजनाआधी स्वर लांबतो, अघोष व्यंजनाआधी आखडतो. 1955 मध्ये पीटर डेनेस यांनी याच 'यूस-यूझ' शब्दावर प्रयोग केला. त्यांनी स्वराची आणि शेवटच्या व्यंजनाची लांबी कमी-जास्त केली आणि तेवढ्यावर ऐकणाऱ्यांना कधी नाम ऐकू आलं, कधी क्रियापद.

म्हणून बर्फाचा 'आइस' तुटक म्हणा आणि डोळ्यांचा 'आइझ' जरा रेंगाळत. किंमत या अर्थाचा 'प्राइस' आखूड, बक्षीस या अर्थाचा 'प्राइझ' लांब. व्यंजन थोडं बिघडलं तरी स्वर तुमचं काम निभावून नेईल.

अनेकवचनाच्या एसलाही हाच न्याय आहे. 'कॅट', 'बुक', 'कप' हे शब्द अघोष ध्वनीने संपतात, त्यामागे एस येतो. 'डॉग', 'पेन', 'बॉय' घोष ध्वनीने संपतात, म्हणून लिहिताना एस असला तरी म्हणताना झेड. मागचा गळा सुरू असेल तर पुढचाही सुरू, इतकं साधं.

जे आपल्याकडे आहे, पण आपण वापरत नाही

आता उलटी बाजू. मराठीत अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद रोजचा आहे: पळ आणि फळ, कार आणि खार. इंग्रजीत वेगळी अक्षरं नाहीत, म्हणून आपण पी, टी, के सरळ 'प', 'ट', 'क' असे म्हणतो. पण इंग्रजी भाषक शब्दाच्या सुरुवातीला 'पेन', 'टी', 'की' म्हणताना त्यात हवेचा झोत सोडतात. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलते. आपली हलत नाही.

1964 मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या संशोधकांनी अकरा भाषांमधली स्पर्शव्यंजनं मोजली, आणि त्या अकरांत इंग्रजीबरोबर मराठीही होती. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळा सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी मोजलं. इंग्रजीत 'ब' आणि 'प' यांतला भेद मुख्यतः या वेळेवर चालतो. झोत नसलेला आपला 'प' त्यामुळे इंग्रजी कानाला 'ब'कडे झुकलेला वाटू शकतो आणि 'पॅट'चा 'बॅट' होतो.

उपाय आपल्या घरातच आहे. 'पेन' म्हणताना ओठ मिटून फुटणारा जुना 'फ' अर्ध्या जोराने वापरा. मात्र पीच्या आधी एस आला की झोत नाहीसा होतो: 'स्पिन', 'स्टॉप', 'स्काय' यांत आपले साधे 'प', 'ट', 'क' जवळजवळ तसेच चालतात. 'ट'ची जागा तेवढी पुढे आणा. 'ल' म्हणताना जीभ जिथे टेकते तीच इंग्रजी टीची जागा.

अनुनासिकांबद्दल एकच गोष्ट सांगतो. 'सिंगर' म्हणजे गायक, 'फिंगर' म्हणजे बोट. दुसऱ्या शब्दात 'ग' आहे, पहिल्यात नाही. 'रंग' म्हणता म्हणता 'ग' सुटण्याआधी थांबा. तोंडात जो ध्वनी उरेल तो 'ङ', आणि 'सिंगर'मध्ये तेवढाच हवा.

'स' आणि 'श'ची अडचण असलेल्यांनी मराठीकडेच बघावं. पैसा पण पैशाचा, ससा पण सशाचा, म्हैस पण म्हशी. हे दोन ध्वनी आपल्याच तोंडात सतत एकमेकांची जागा घेतात, म्हणजे दोन्ही आपल्याला येतात. लागते ती फक्त सावधगिरी.

कान आधी, तोंड नंतर

माणूस जन्मतः असे भेद ऐकू शकतो का? 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' यांतला फरक ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या वयापर्यंत तो बहुतेक मावळलेला होता. आपल्याला व्ही-डब्ल्यू जसे एक वाटतात, तसेच मोठ्या इंग्रजी माणसाला 'त' आणि 'ट' एक वाटतात. यात कोणाच्या बुद्धीचा दोष नाही. ज्या भेदाने घरातल्या भाषेत अर्थ बदलत नाही, तो मेंदू बाजूला सारतो.

आणि मोठेपणी तो परत मिळवता येतो. 1991 मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी भाषकांना इंग्रजीतले 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवलं. त्यांच्या पद्धतीचं मर्म असं, की जोडीतले शब्द एकाच आवाजात न ऐकवता वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकवले आणि प्रत्येक उत्तर बरोबर की चूक ते लगेच सांगितलं. पुढे 1997 मध्ये ब्रॅडलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की नुसत्या ऐकण्याच्या अशा सरावाने शिकणाऱ्यांचा उच्चारही सुधारला.

तरीही काही भेद कोणाच्याही कानातून निसटतात. मिलर आणि नायसली यांनी 1955 मध्ये सोळा इंग्रजी व्यंजनं गोंगाटात ऐकवून बघितली. घोष-अघोष हा भेद बराच टिकला, पण ध्वनी तोंडात कुठे तयार झाला हे लवकर हरवलं. विमानांच्या रेडिओ संभाषणात तीनला 'ट्री' आणि पाचला 'फाइफ' म्हणतात. तिथे टीएच आणि शेवटचा व्ही यांच्यावर विसंबायचंच नाही, असं ठरवून टाकलं आहे. फोनवर स्पेलिंग सांगताना आपणही 'व्ही फॉर व्हिक्टर' म्हणावं ते याचसाठी.

सराव असा करा. एक जोडी निवडा, समजा 'वेट' आणि 'व्हेट'. शब्दकोशांच्या संकेतस्थळांवर दोन्हींचे ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार ऐकायला मिळतात. कोणाला तरी स्क्रीन स्वतःकडे वळवून, मनाला येईल त्या क्रमाने वीस वेळा वाजवायला सांगा. तुम्ही फक्त 'ओला' किंवा 'पशुवैद्य' एवढंच म्हणायचं, आणि चुकलात तर त्याने तिथल्या तिथे सांगायचं. पहिल्या दिवशी दहा-बारा उत्तरं बरोबर आली तर तो निव्वळ अंदाज समजा. वीसपैकी अठरा सलग दोन दिवस बरोबर आली की आरसा घ्या आणि तोंड उघडा.